प्रभू, सांभाळ रे ह्याला

डेट्रॉइट,
९ एप्रिल

तीर्थरूप एझ्रादादास,
ओडेसाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहिते आहे, कारण टेलिफोनवर तुझं कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि माझं अर्धं बोलणं त्या शिट्टीत जातं. उरलेलं अर्धं तू ऐकून न ऐकल्यासारखं करतोस, ते वेगळं.

तर मी घरी परत यायचं ठरवलं आहे. माझा वेंडेल गेल्यापासून ह्या घरात बोलणारे दोघंच उरलो, मी आणि भिंतीतला घर तापवणारा वाफेचा पाइप, आणि खरं सांगायचं तर पाइपचं बोलणं जास्त ऐकण्यासारखं असतं. आयुष्यभर दारातला बर्फ उपसला, आता नको. पानगळ सुरू झाली की मी अलाबामात. मागची खोली मला हवी, पेकनच्या झाडाकडे खिडकी असलेली. कोरीनवहिनीचं शिलाई मशीन तिथेच राहू दे, मला लागेल. तुझ्या हातच्या स्वयंपाकाबद्दल गावाकडून जे कानावर येतं, त्यावरून मी लवकर आलेली बरी.

आता खरी बातमी. आपली आयोन पेटिफोर्ड राष्ट्राध्यक्षपदाला उभी राहिली, हे तुमच्या सॉरेल क्रीकला पोचलं ना? इथे चर्चच्या तळघरात आम्ही म्हाताऱ्यांनी टेलिफोन मांडलेत आणि घरोघरी फोन लावतो. शहराच्या बसगाड्या कुठे अडल्यात ते मी बस कचेरीत बसून इतकी वर्षं माइकवरून ओरडून विचारत होते, तो आवाज अजून शाबूत आहे. काळी बाई, आपल्यासारख्याच चर्चच्या बाकावर वाढलेली, आणि ती बोलायला लागली की गोऱ्या वार्ताहरांना लिहून घ्यायचं सुचत नाही. ममा असती तर दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत बसली असती.

तू तर व्यासपीठावरून तिचं नाव केव्हाच घेतलं असशील. माउंट नेबो चर्चचे पाळक एझ्रा टिलरी बोलले की आसपासची गावं तसं मत देतात, असं मी इथे सगळ्यांना सांगून ठेवलंय. माझी लाज राख.

लोभ आहेच, तो तिकडच्या उन्हात वाळू देऊ नकोस.

तुझी,
ओडी


सॉरेल क्रीक, अलाबामा,
२१ एप्रिल

चि. ओडेसास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि मागच्या खोलीत जाऊन उगाच उभा राहिलो. कोरीन गेल्यापासून तिथे मी मोडक्या छत्र्या आणि गळक्या बादल्या ठेवत होतो. सगळं बाहेर काढलं. भिंतींना पांढरा रंग द्यायला घेतला आहे. खिडकीची चौकट फुगली आहे, ती तासून घेईन. न्हाणीघरातला नळ गळतो, त्याला माणूस बघितला आहे. मेच्या शेवटच्या रविवारी सिनेटर ट्रेडवे चर्चला येणार आहेत, ते चार शब्द बोलतील, मीही बोलेन. पेकनला यंदा मोहर चांगला आहे, म्हणजे तू येशील तेव्हा अंगणात पायाखाली पेकनची कवचं फुटतील.

पेटिफोर्डबाई बोलतात छान. चर्चचा कारभार बघणारा आमचा मोठा डीकन ऑरिस क्रम्प गाडी चालवताना रेडिओवर त्यांचं भाषण ऐकत होता, तो वळणावर वळायचंच विसरला. गाडी कापसाच्या शेतात. ऑरिस धडधाकट आहे, आणि भाषण पुरं होईपर्यंत तिथेच बसून ऐकलं म्हणतो.

सगळ्या चर्चच्या आई, मदर झिपोरा, तुझी आठवण काढतात. नव्वदी ओलांडली तरी पहिला बाक सोडलेला नाही. तीच पांढरी टोपी, तेच पांढरे हातमोजे. तू आता तरी चर्चमध्ये गप्प बसतेस का, असं विचारत होत्या. मी सांगितलं, नाही.

मी बरा आहे. थकवा असतो, पण त्याची सवय झाली. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली की माझा फोन वाजतो, एरवी मी आहे की गेलो हे कोणी विचारत नाही. तू ये, म्हणजे घरात विचारणारं कोणीतरी असेल. एवढीच एक गोष्ट मी सध्या देवाकडे मागतो.

माया कमी करू नये, ही इच्छा.

तुझा,
एझ्रा


डेट्रॉइट,
२ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गळका नळ आणि पेकनचा मोहर ह्यांच्या मधल्या फटीत तू एक अख्खा गोरा सिनेटर दडवलास. मी पहिल्यांदा वाचताना पुढे निघूनसुद्धा गेले होते. मग चहा पिताना मधेच थांबले.

तो हॉलिस ट्रेडवे आयोनच्या विरुद्ध उभा आहे. त्याच पक्षातून, त्याच जागेसाठी. आणि तो येतोय नेमका प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानाच्या आधीच्या रविवारी. दादा, मी अलाबामातच वाढले आहे. आपल्या चर्चमध्ये कोण कुठे उभं राहतं ह्याचा अर्थ काय, ते मला सांगायला नको. येईल त्याला खालच्या छोट्या मेजाशी उभं करतात, तो नमस्कार-चमत्कार करतो, जेवून जातो. ते आदरातिथ्य झालं. पण पाळकाने स्वतः वर नेऊन व्यासपीठावरच्या खुर्चीत बसवला आणि नाव घेतलं, की तो आपला झाला. तू त्याला कुठे उभं करणार आहेस, तेवढं कळव.

वर नेलंस तर काय होईल ते मी सांगते. आपल्या पप्पांचा पहिला उपदेश आठवतो का? बायबलातल्या योनाला माशाच्या पोटात नेलं आणि बाहेर कसं काढायचं तेच विसरले. घामाने कॉलर भिजली. कोणी हसलं नाही. हसत नाहीतच आपल्याकडे, उपदेश बुडायला लागला की प्रार्थना करतात. पहिल्या बाकावरून मदर झिपोराच हळूच म्हणाल्या, प्रभू, सांभाळ रे ह्याला. झालं. त्या दिवसानंतर पप्पा जन्मात व्यासपीठाची पायरी चढले नाहीत. पुढे तू झाडावर चढलास, पहिली कविता म्हटलीस, कोरीनला मागणी घालायला निघालास, प्रत्येक वेळी मी मागून तेच म्हणायचे आणि तू दगड घेऊन मागे लागायचास.

चाळीस वर्षं उपदेश करतो आहेस, तुझ्यावर ती वेळ कधी आली नाही. आता म्हातारपणी ओढवून घेऊ नकोस.

राग आहे, पण लोभाच्या पोटातला आहे.

ओडी


सॉरेल क्रीक,
१२ मे

चि. ओडेसास आशीर्वाद.

नीट सांगतो, म्हणजे तू नीट रागावशील.

तू तिकडे गेल्यानंतरची गोष्ट. हायस्कूलमधलं आपलं मतदान केंद्र उचलून नदीपलीकडच्या शिकारी क्लबात नेलं. फाटकाशी कुत्री बांधलेली. आपली म्हातारी माणसं पूल ओलांडून जायची, कुत्री बघायची आणि परत यायची. तेव्हा हा ट्रेडवे तरुण वकील होता, नुकताच राज्याच्या विधिमंडळात गेला होता. तो आमच्या बाजूने कोर्टात उभा राहिला आणि केंद्र परत शाळेत आणलं. त्यापायी त्याच्या लोकांनी त्याला पुढच्या निवडणुकीत पाडलं. बायकोशी दुकानात कोणी बोलेना.

त्या उन्हाळ्यात चर्चच्या आवारात मासे तळायचा कार्यक्रम होता. तो आला होता, हातात कागदाची बशी. मी सगळ्यांसमोर म्हणालो की वकीलसाहेब, उद्या तुम्ही राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिलात तर मी तुम्हाला माझ्या व्यासपीठावर नेऊन तुमचं नाव घेईन. सगळे हसले. तो सगळ्यांत जास्त हसला. नुकताच पडलेला माणूस, त्याला बरं वाटावं म्हणून बोललो. त्या वेळी आपल्यातली कोणी बाई त्या जागेला उभी राहील हे स्वप्नातही नव्हतं, आणि हा राहील हेही नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात त्याचा स्वतःचा फोन आला. त्याने आधी कोरीनबद्दल विचारलं, मग मासे आठवतात का म्हणाला. मी आठवतात म्हणालो. तेव्हा आयोन पेटिफोर्डचं नावही कुठे नव्हतं. आता जिल्ह्याच्या पक्ष कचेरीतला माणूस दर आठवड्याला फोन करून मला सांगतो की पाळकसाहेब, जिंकणाऱ्याबरोबर राहा, आपल्या लोकांना समजवा. त्याला वाटतं मी पक्षासाठी करतोय. ऑरिसला वाटतं मी गोऱ्याला घाबरतो. तुला काय वाटतं ते तू लिहिलंच आहेस.

ओडी, मला खरंच कंटाळा आला आहे. पण कंटाळा आला म्हणून शब्द फिरवता येत नाही, आणि रंग बघून तर नाहीच. आपल्याला दिलेले शब्द त्यांनी रंग बघूनच मोडले, हे आपण जन्मभर म्हणत आलो.

खोलीची एक भिंत राहिली आहे.

एझ्रा


डेट्रॉइट,
२० मे

एझ्रादादा,

त्याने आपल्याला परत आणून दिलं ते आपलंच होतं. त्याचे आभार मानून झाले, मासे खाऊ घालून झाले. आणखी किती वर्षं मानायचे?

मी सगळा जन्म थांबा हे ऐकत आले. आधी हा होऊ दे, मग तुमचा. आधी पक्ष जिंकू दे, मग तुमचं बघू. आज आमची बाई समोर उभी आहे, आणि थांबा म्हणणारा माझा सख्खा भाऊ. मासे तळताना केलेल्या थट्टेसाठी.

तू त्याला वर नेलंस तर मी येणार नाही. तुझ्या घरात राहून दर रविवारी त्या खुर्चीकडे बघणं मला जमायचं नाही. राहिलेली भिंत तशीच राहू दे.

ओडेसा


सॉरेल क्रीक,
६ जून

चि. ओडेसास आशीर्वाद.

तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच लिहितो.

चर्च भरलं होतं. उकाडा इतका की सगळ्यांच्या हातात पंखे. पंखे दरवर्षीप्रमाणे अंत्यविधीवाल्या पर्फॉयने फुकट दिलेले, फक्त यंदा एका बाजूला ट्रेडवेंचा हसरा फोटो आणि दुसऱ्या बाजूला नेहमीची जाहिरात, अखेरच्या प्रवासाची चोख व्यवस्था. सगळ्या चर्चने पंखे असे धरले होते की व्यासपीठावरून मला आणि सिनेटरांना फक्त चोख व्यवस्था दिसत होती. तू असतीस तर बाकाखाली तोंड लपवून हसली असतीस.

मी त्यांना हाताला धरून वर नेलं, खुर्चीत बसवलं. शिकारी क्लबची गोष्ट सांगितली, मासे तळायची सांगितली. शब्द दिला होता, तो आज पाळतो आहे, असं म्हणालो आणि त्यांचं नाव घेतलं. मग थांबलो. इतक्या वर्षांची सवय, की इथे थांबायचं, आता आमेन येईल.

आमेन आलं नाही. पंखे थांबले. ऑरिस आपल्या बुटांकडे बघत होता. आणि त्या शांततेत पहिल्या बाकावरून मदर झिपोरा म्हणाल्या, प्रभू, सांभाळ रे ह्याला.

सिनेटरांना वाटलं, म्हातारीने आपल्याला आशीर्वाद दिला. त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली, मनापासून थँक्यू मॅम म्हणाले. कोणी हसलं नाही. मला वाईट वाटलं, ते त्यांच्यासाठी की माझ्यासाठी हे मला अजून सांगता येत नाही. पुढचं मी काय बोललो ते आठवत नाही. पप्पांना त्या दिवशी काय झालं असेल ते मात्र समजलं.

मंगळवारी मतदान झालं. राज्यात ट्रेडवे जिंकले. आपल्या शाळेतल्या केंद्रावर जवळजवळ सगळी मतं पेटिफोर्डबाईंना पडली. माझं पडद्याआडचं मत मी कोणालाच सांगितलेलं नाही, तुलाही सांगणार नाही. शब्द फक्त व्यासपीठाबद्दलचा होता.

डीकन मंडळींची बैठक बोलावली आहे. मला त्यात बोलावलेलं नाही, त्यावरून काय ते कळलंच.

तू यावंस असं आता कोणत्या तोंडाने म्हणू. पण राग असला तरी पत्रं बंद करू नकोस.

तुझा,
एझ्रा


सॉरेल क्रीक,
१४ ऑक्टोबर

चि. ओडेसास आशीर्वाद.

मधल्या तीन पत्रांना तुझं उत्तर नाही. तुझ्या शेजारणीने सांगितलं की तू धडधाकट आहेस आणि रस्त्यात पोरांवर ओरडतेस, म्हणून निर्धास्त आहे.

मी आता निवृत्त. ऑगस्टमध्ये केक कापला, भिंतीवर लावायची पितळी पाटी दिली, आणि ऑरिसने माझ्यावर इतकं चांगलं भाषण केलं की मी गेलो की काय असं मलाच वाटलं. भाषण संपल्यावर तो बाहेर गाडीशी उभा राहून रडला. मीच त्याला रुमाल दिला. नवे पाळक तरुण आहेत, आवाज मोठा आहे. लोकांना आवडतात.

पक्षाचं महाअधिवेशन तू टीव्हीवर पाहिलंस ना? आयोनबाई हरल्यावर त्यांनी ट्रेडवेंचा हात धरून उंच केला आणि आपल्या सगळ्या लोकांना सांगितलं की आता हाच आपला उमेदवार, पक्षासाठी, देशासाठी. दुसऱ्या पक्षाचा माणूस कसा आहे ते आपण जाणतो, तेव्हा त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मला माझा उपदेश आठवला.

गेल्या रविवारी सिनेटर पुन्हा आले. नव्या पाळकांनी त्यांना वर नेलं. खुर्ची पुसून पुढे ठेवली ती ऑरिसने. नाव घेतलं तशी सगळं चर्च उभं राहिलं आणि आमेनने खिडक्या हलल्या. तोच माणूस, तीच खुर्ची. मी तिसऱ्या बाकावर होतो. सिनेटर जाताना माझ्याशी हात मिळवून गेले, पण घाईत होते, मी कोण ते त्यांना आठवायला जरा वेळ लागला.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मदर झिपोरा पहिल्या बाकावरून उठल्या, काठी टेकत तिसऱ्या बाकाशी आल्या आणि मला सरक म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी तो बाक कोणासाठी सोडला नव्हता. मी त्यांना विचारलं, मेमध्ये ते कोणासाठी म्हणालात, माझ्यासाठी की त्यांच्यासाठी? त्या म्हणाल्या की तुझ्यासाठीच रे एझ्रा, त्या गोऱ्याला सांभाळायला माणसं पुष्कळ आहेत.

पेकन पडायला लागले. वेचायला वाकलो की कंबर धरते, त्यामुळे निम्मे खारींना जातात. राहिलेली भिंतही मी रंगवली. कोणी यावं म्हणून नाही, अर्धवट बघवत नव्हती म्हणून.

आठवण काढ, एवढं पुरे.

एझ्रा


डेट्रॉइट,
२४ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

राग उन्हाळ्यातच ओसरला होता. पण रागावलेल्या माणसाने आधी कसं लिहायचं ते कोणी शिकवलेलं नाही, आणि तू दर पत्रात भिंतींच्या रंगाबद्दल लिहून मला आणखी अवघड करत होतास.

आयोनने त्याचा हात उंच केला ते मी तळघरात सगळ्यांबरोबर पाहिलं. मग कचेरीतून पोरगी आली आणि आमच्या टेलिफोनांजवळचे जुने कागद काढून नवे ठेवून गेली. नाव तेवढं बदललं होतं. बाकी सगळं बोलायचं तेच, एक व्हा, ह्या वेळी चुकू नका, पुढच्या वेळी आपलं बघू. मी तुझ्या घरी यायचं सोडलं ते ज्याच्यामुळे, त्याच्यासाठी मी रोज सकाळी जाऊन फोन करत होते. आयोनने सांगितलं म्हणून. दुसरा निवडून आला तर काय होईल ते माहीत आहे म्हणून. मतही त्यालाच दिलं. पण गोड लागलं म्हणशील तर नाही.

काल एका बाईंना फोन लागला. नाव आपल्यातलं, वय झालेलं. मी कागद वाचायला लागले. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मी ट्रेडवेंचं नाव घेतलं, पक्ष म्हटलं, आयोनचीही हीच इच्छा आहे म्हटलं, आणि मग माझा मलाच आवाज ऐकू यायला लागला. वाक्य अर्धं राहिलं. दादा, ज्या आवाजावर शहरभरच्या बसगाड्या चालत होत्या तो बसला. आणि पलीकडून खास आपल्याकडचा, अलाबामाचा, हळू, मायेचा आवाज आला, प्रभू, सांभाळ रे हिला.

मी थँक्यू मॅम म्हणाले. फोन खाली ठेवला आणि तिथेच बसून खूप रडले. पोरींना वाटलं कोणी शिवी दिली. मी म्हणाले, नाही गं, आमच्या गावाकडचं कोणीतरी होतं.

मत टपालाने टाकलं. बॅगा भरल्या. गुरुवारच्या बसने निघते, शुक्रवारी संध्याकाळी नाक्यावर ये, आणि कानातलं यंत्र नीट घालून ये, खूप बोलायचं आहे. पेकन वेचायचे राहू दे, मी वाकेन. खोली पांढरी रंगवलीस, मला निळी आवडते हे तू पार विसरलास. तेही बघू.

रविवारी तिसऱ्या बाकावर माझी जागा धर. मदर झिपोरांना आधीच सांगून ठेव की आता इथे दोघं आहेत. एकदाच म्हणा म्हणावं, दोघांना पुरेल.

तुझीच,
ओडी